परग्रहाची भाषा

श्यामकांतला स्वतःच लिहिलेला तो चित्रपट फडतूस वाटत होता. परग्रहावरचे लोक गुपचूप आपल्यात येऊन राहिलेत आणि एक शास्त्रज्ञ ते उघडकीला आणतो, अशी गोष्ट. त्यांची भाषा म्हणून त्याने चहा पिता पिता मनाला येईल ते खरडलं होतं.

मालाडच्या थेटरात दुपारच्या खेळाला तो बायकोला, नीलाला, घेऊन बसला. “बघ, या मूर्खांना काय वाट्टेल ते खपतं,” तो कुजबुजला.

पडद्यावर परग्रहाच्या राणीने प्रेक्षकांकडे रोखून बघत त्या अगम्य बडबडीत काहीतरी विचारलं. श्यामकांतला हसू फुटलं.

दुसरं कुणीच हसलं नाही. मागून एका म्हाताऱ्याने त्याच भाषेत उत्तर दिलं. कोण हा टवाळ, म्हणून श्यामकांत वळला, तोवर म्हाताऱ्याच्या शेजारची बाई बोलली. मग पुढची रांग, एकेक जण, अगदी शांतपणे. हे शब्द तर त्याने लिहिलेच नव्हते.

त्याने नीलाचा हात घट्ट धरला. “चल, ऊठ.”

नीला हलली नाही. पडद्याकडे बघत तिनेही तसेच काही शब्द उच्चारले. मग सारं थेटर त्याच्याकडे वळलं. पडद्यावरची राणीही थांबली होती.

“अहो, द्या ना उत्तर,” नीला हळूच म्हणाली.