बू नासरची दुर्बीण

"बोल मुहंदिस, पहिली की दुसरी?"

कुवेतच्या राई भागातल्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर दोन दुर्बिणी मांडल्या होत्या, रायफलीवर बसवायच्या. बू नासर हात मागे बांधून उभा होता. त्याचे दोघे धाकटे भाऊ चंद्रहासच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. तिघे त्याच रात्रीच्या विमानाने टांझानियाला हरणाच्या शिकारीला निघणार होते, दर हिवाळ्यात जात तसे.

चंद्रहास मूळचा नाशिकचा. घरातलं झुरळसुद्धा बायकोला हाक मारून मारवणारा माणूस. त्याचा शिकारीशी संबंध एवढाच, की बू नासर रिफायनरीतला त्याचा साहेब होता आणि चंद्रहास गेज-मीटरचा इंजिनीयर, अरबीत मुहंदिस, होता. तेवढ्या भांडवलावर साहेबाने त्याला ऑफिसातून उचलून थेट गाडीत बसवलं होतं.

"दोन्ही चांगल्या आहेत, सर," चंद्रहास म्हणाला. "कुठे वापरणार त्यावर आहे."

कुवेतमधली सगळी नोकरी त्याने या दोन वाक्यांवर काढली होती. पंप असो, व्हॉल्व्ह असो, दोन्ही चांगले. एकाचं नाव घेतलं की बिघडल्यावर आपलं नाव निघतं, हे तो फार लवकर शिकला होता.

"हे ऑफिसात सांग," बू नासर म्हणाला. "इथे एकीवर बोट ठेव."

एसी गार असूनही चंद्रहासला घाम फुटला. त्याच्या एकुलत्या एका लेकीचं, अंतराचं, डिसेंबरात नाशिकला लग्न होतं. आणि डिसेंबरातच मोठ्या दुरुस्तीसाठी प्लांटचं शटडाउन. कुणालाही रजा नाही. ती देऊ शकणारा माणूस एकच, आणि तो म्हणाला होता, "शिकारीहून येतो, मग बघू, इन्शाल्ला." चंद्रहासने त्याचा सरळ अर्थ लावला होता. हरण पडलं तर साहेब खुशीत आणि रजा हातात. नेम चुकला तर अंतराचं कन्यादान मोबाइलवर बघायचं.

त्याने पहिली दुर्बीण डोळ्याला लावली आणि रस्त्यापलीकडची टायरच्या दुकानाची पाटी धरली. झूम वाढवला. पाटी मोठी झाली, आणि मधली नेमाची फुलीही तिच्याबरोबर मोठी झाली. दुसरीत पाटी मोठी झाली, पण फुली होती तेवढीच राहिली. फुलीवर बारीक खुणा होत्या. सावज लांब असेल तर नेम किती वर धरायचा, ते त्यांवरून कळायचं. म्हणजे पहिलीतल्या खुणा कुठल्याही झूमला खऱ्या, दुसरीतल्या एकाच झूमला. चंद्रहासच्या अंगातला इंजिनीयर जागा झाला. एकाच आकड्याला खरं बोलणारा गेज त्याने कधीच भंगारात काढला असता.

"पहिली," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला अनोळखी वाटला.

"ऐकलंत?" बू नासर भावांकडे वळला. "मुहंदिसने निवडली. मी नाही." मग त्याने चंद्रहासच्या हातात दुर्बीण देऊन फोटो काढला आणि तिथल्या तिथे घरच्या ग्रुपवर टाकला. चंद्रहासची छाती फुगली.

अबू हलीफातल्या घरी त्याने जेवताना सगळं रंगवून सांगितलं.

"तुम्ही आणि एक उत्तर दिलंत?" बायकोने, सरोजिनीने, त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. मग वाढता वाढता सहज विचारलं, "पण झूम कमी केला की मग?"

"मग फुलीपण बारीक होते."

"आणि दिसते का?"

चंद्रहासचा घास हातातच राहिला. झूम त्याने वाढवूनच बघितला होता. त्याने घाईघाईने फोन लावला. साहेबाचा फोन बंद. विमान उडालं होतं.

पुढचा आठवडा त्याने देव पाण्यात ठेवून काढला. सरोजिनीने अंतराला काहीच सांगितलं नाही.

बू नासर परत आला आणि त्याने चंद्रहासला केबिनमध्ये बोलावलं. दोघे भाऊ तिथेच गहवा, म्हणजे अरबी कॉफी, पीत बसले होते. त्याला बघताच ते एकमेकांच्या खांद्यावर हात मारत खो खो हसायला लागले.

"दाट झाडी," बू नासर गंभीरपणे सांगू लागला. "हरण इथून त्या पार्किंगएवढ्या अंतरावर. इतक्या जवळ झूम कशाला? कमी केला. तर तुझी फुली केसाएवढी! फांद्यांमध्ये मी ती शोधतोय, शोधतोय, आणि हरण गेलं."

"एकही... नाही मिळालं, सर?"

"एकही नाही."

"वाह, मुहंदिस!" धाकट्याने डोळे पुसले. "अंगठ्याएवढ्या झाडामागे उंट लपवशील तू!"

"चूक माझीच आहे, सर," चंद्रहास पुटपुटला. त्याच्या डोळ्यांपुढे नाशिकचा मांडव होता आणि मांडवात मोबाइल धरून उभा असलेला कुणीतरी मावसभाऊ.

भाऊ हसत हसतच निघून गेले. बू नासरने दार लावलं. पावलांचा आवाज लांब जाईपर्यंत तो कान देऊन उभा राहिला. मग त्याने चंद्रहासला असं कवटाळलं, की त्याचा चष्मा वाकडा झाला. टेबलाशी जाऊन त्याने कॉम्प्युटरवर रजा मंजूर केली. चंद्रहासने मागितली होती त्याहून आठवडाभर जास्तच.

"सर, पण हरण...?"

"पंचवीस वर्षं जातोय मी," बू नासर हळूच म्हणाला. "आजवर एकही पाडलेलं नाही. पण ते दोघे मला हसले नाहीत, असं हे पहिलंच वर्ष. जा, लेकीचं लग्न लाव. आणि पुढच्या वर्षी बंदूकही तूच निवडायची."