हातात हात

"आई, बाबा, तुमचं अजून प्रेम आहे का हो एकमेकांवर?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून लेकीने जेवताना विचारूनच टाकलं.

"आमचा सिनेमा बघ की!" बाबा हसले. आई ताट उचलून उठली.

दोघांचा नायक-नायिका म्हणून तो एकमेव सिनेमा थिएटरात आठवडाभरही टिकला नव्हता, पण जोडी शोभते म्हणून घरच्यांनी लग्न लावून दिलं होतं. न खपलेल्या डीव्हीडींचा खोका अजून माळ्यावर होता.

रविवारी तिने एक लावली. दोन तास नुसता हातात हात! जांभया देऊन तिचा जबडा दुखला. शेवटी मात्र शूटिंगच्या वेळची गंमत म्हणून थोडी दृश्यं जोडली होती. दिग्दर्शक "कट" म्हणाला की आई लगेच पाठ फिरवायची आणि बाबा तळवा पँटला खसाखसा पुसायचे.

तिने ती दृश्यं पुन्हा लावून पाहिली. रोज शाळेला निघताना आई-बाबा दारात हातात हात घालून तिला टाटा करत. फाटकातून वळून पाहिलं की बाबा तळवा पुसताना दिसत. तिला वाटायचं, घाम येत असेल.


"उद्यापासून मी निघताना दोघांनी दारात यायचं नाही," तिने रात्री जाहीर केलं, "माझ्यासाठी तर मुळीच नाही."