सोमारीच्या गोळ्या

दुसरा आठवडी बाजारही गेला, तरी सोमारी आली नाही. नर्स मनकर्णाबाईंच्या जिवाला घोर लागला.

चांद्याहून सावलीकडच्या या गावात त्यांची बदली झाल्याला वर्ष होत आलं होतं. काम पाळणा लांबवण्याचं. सरकारनं त्यासाठी फेसाच्या गोळ्या दिल्या होत्या, पण घेणार कोण? ही बाई कूस बांधते, अशी आवई उठलेली. सासवा आपल्या सुनांना त्यांच्या दारावरूनसुद्धा जाऊ देत नसत. मनकर्णाबाई विधवा, मूलबाळ नाही. दिवसचे दिवस त्यांच्याशी कुणी बोलत नसे, आणि ते फार लागायचं त्यांना.

येई ती एकटी सोमारी, जंगलातल्या टोल्यावरून, चार झोपड्यांच्या वस्तीवरून. बाजाराच्या दिवशी चारोळीची टोपली ओसरीवर ठेवायची नि ऐसपैस बसायची. मागच्या बाळंतपणात मूल गेलं होतं आणि ती मरता मरता वाचली होती. पुन्हा दिवस गेले तर तिची खैर नव्हती.

"मालक ऐकत नाई, बाई," ती म्हणायची. "पन सासूले नोको सांगू. मारून टाकन मले."

गोळ्या पदराला बांधून चहा प्यायची, बाईंच्या माहेरचं विचारायची, ऊन कलेपर्यंत हलायची नाही. आपल्या हातून एक जीव तरी वाचतो आहे, या समाधानावर मनकर्णाबाईंचे दिवस निघत होते.

आता मात्र त्यांना राहवेना. त्या पायीच टोल्यावर गेल्या. सोमारीची सासू इतवारी अंगणात मोहफुलं वाळवत होती.

"सोमारी कुठी आहे?"

"घरात झोपली. पाय मुरगळला तिचा."

"तिले दिवस तर नाई ना गेले?"

इतवारीनं हातातली मोहफुलं खाली ठेवली.

"तिच्यावर रागावू नको, बाई. गोळ्या मीच दिल्या. तुह्या लेकालेही मी समजावून सांगन."

"लेक कुठला इथी? तो खाणीत गेला, तिकडंच दुसरी करून राह्यला. तू इथी यायच्या पयलेच."

मनकर्णाबाईंनी विचारलं, "मंग गोळ्या कशाले नेत होती?"

इतवारीनं दाराकडे पाहून आवाज हळू केला.

"नर्सबाईकडं कोनीच जात नाई, झुरून मरन ती, सोमारी म्हने. आन् सरकारी बाईच्या घरी बिनकामाचं कसं जाऊन बसावं?"