उरलेली रोटी

दारावर थाप मारण्याआधी खोलमुरोदने मनगटाला चिमटा काढला. दुखलं. आत मात्र काही हललं नाही.

रशियात बांधकामावर भिंत कोसळली तेव्हा त्याचा लहानपणापासूनचा मित्र तोलिब त्याच्यापासून दोन हातांवर होता. शवपेटी खोलमुरोदनेच गावी आणली, खांदाही दिला. डोळे कोरडेच राहिले. तेव्हापासून जेवणाला चव नव्हती. आपण नसताना जन्मलेली मुलगी कडेवर घेतली, तर पिठाची पिशवी उचलल्यासारखं वाटलं. एकदा त्याने मुद्दाम कांदा चिरून पाहिला. डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे बिघाड डोळ्यांत नव्हता.

"तोलिबच्या आईला एकदा भेटून या," बायको ओयदिन सकाळी म्हणाली होती. "मग जायचंच असेल तर जा परत. बॅग भरलेली दिसली मला."

त्याने मनाशी ठरवलं होतं. आजही काही वाटलं नाही, तर उद्याची गाडी पकडायची. असला बाप पोरीने न पाहिलेलाच बरा.

दार उघडलं. "या साहेब," तोलिबची आई सबोहत खाला म्हणाली. "आमची गल्ली टाळून लांबच्या वाटेने जातोस म्हणे. कुत्र्यालासुद्धा कळलंय ते."

तो खाली मान घालून बसला. आता ही रडेल, आपल्याकडे बघेल आणि आपले डोळे कोरडेच आहेत हे तिला कळेल, एवढीच त्याला धास्ती होती.

खाला रडली नाही. तिने भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली कापडी पिशवी काढली. पिशवीत काय आहे ते त्याला ठाऊक होतं. परमुलखी निघणाऱ्याने उंबऱ्यातच रोटीचा एक घास दातांनी तोडायचा, आणि परत येऊन संपवेपर्यंत ती घरच्यांनी टांगून ठेवायची. त्याची स्वतःची रोटी आईने पहिल्याच दिवशी चहात बुडवून त्याला भरवली होती. मातीसारखी लागली होती.

"हिचं काय करू?" खाला म्हणाली. "पाखरांना घालायला मन होत नाही. टाकली तर पाप. शेवटपर्यंत त्याच्याजवळ तूच होतास. तूच संपव."

"खाला, मला नाही जमणार."

"खायला काय जमायचंय? दात आहेत ना?"

तिने प्याल्यात चहा ओतला. रोटी दगडासारखी झाली होती. चावलेल्या कडेला दातांची महिरप उमटली होती आणि तिच्या मध्येच एक बारीक उंचवटा होता. तोलिबचा पुढचा दात तुटका होता. तुतीच्या झाडावरून पडला तेव्हाचा. खोलमुरोद खाली उभा राहून पोट धरून हसला होता, आणि तोंडात रक्त असताना तोलिबही हसला होता.

त्याने तीच कड चहात बुडवली. घास तोंडात घातला. सावकाश चावला. मग दुसरा घेतला. तिसऱ्या घासाला तो थांबला.

"खाला, मीठ फार झालंय हिच्यात."

खाला त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. मग डोक्याच्या रुमालाचं टोक तिने त्याच्या हातात दिलं.

"अरे बाबा," ती म्हणाली, "त्या दिवशी घाईघाईत मी पिठात मीठ घालायलाच विसरले होते."