न कापलेल्या घड्या

बाइंडिंगच्या कारखान्यात इतरांची पुस्तकं शिवता शिवता मी माझी कादंबरी लिहिली, छापलेले कागद दुमडून स्वतःच शिवली आणि दादाला दिली. दहा वर्षं माझं सगळं तोच आधी वाचायचा, "लिहीत राहा" म्हणायचा. त्यावरच मी तग धरून होते. आठवडाभरानं त्यानं परत दिली. "एका बैठकीत संपवली. रडवलंस गं!" मी हरखून पुस्तक कामावर नेलं. शेजारच्या मावशी चाळायला गेल्या आणि हसल्या. "अगं, शिवलंस, पण घड्या कापायच्या विसरलीस! आतली पानं एकमेकांना जोडलेलीच आहेत. कुणी वाचायचं कसं?" माझा चेहरा खर्रकन उतरला. मग दहा वर्षं दादा काय वाचत होता? मावशी सुरीनं पहिली घडी कापून वाचू लागल्या. जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली. मान वर न करता त्यांनी सुरी माझ्यापुढे सरकवली. "पुढची काप."