नाक धरून

"कोपर वर," काठावरून सर म्हणाले.

"हो सर," ती पाण्यातून म्हणाली आणि पुढचा हात मारला.

पोहण्याच्या तलावावर ते सर होते, घरी बाबा. ही वाटणी त्यांनी ती पहिलीत असताना केली होती. ती चाळिशीला टेकली तरी वाटणी मोडली नव्हती. लहानपणी बाकीची मुलं पायऱ्यांवर बसलेल्या आपापल्या आईवडिलांना पाण्यातून हाका मारत. तिला ती सोय नव्हती. तिचे वडील बघत असत, पण सगळ्यांकडेच, रांगेने.

फेऱ्या संपवून तिने टॉवेल खांद्यावर टाकला. "येते सर," म्हणाली. ते शिट्टीची दोरी गुंडाळत होते, त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने त्यांना चहाला उठवलं, तर ते उठले नाहीत.

त्यानंतर ते आईच्या स्वप्नात येऊ लागले. "आज मोजे शोधत होते," आई चहा गाळता गाळता सांगे. कधी ते दाराची कडी दुरुस्त करत असत, कधी उगाच चिडलेले असत. लेकीच्या स्वप्नात मात्र एकदाही आले नाहीत. आले असतील तरी तिला पत्ता नव्हता. डोळे उघडले की पाटी कोरी.

ती ग्रंथालयात कामाला होती. तिथल्याच एका पुस्तकात तिला सापडलं की स्वप्नं सगळ्यांना पडतात, ती लक्षात ठेवायला शिकता येतं. आणि चिकाटी धरली तर स्वप्नातच कळतं की हे स्वप्न आहे. मग हवं ते करता येतं. तिला एकच गोष्ट करायची होती. एकदा, तलावावर, सगळ्यांसमोर, त्यांना बाबा म्हणायचं होतं.

"आता स्वप्नांचीही शिकवणी लावणार का?" आई म्हणाली. पण नियम नीट ऐकून घेतले. जाग आली की हलायचं नाही. डोळे उघडायचे नाहीत. स्वप्नाचं हाती लागेल ते शेपूट धरून मागे मागे जायचं आणि जे दिसेल ते लगेच कुणाला तरी सांगायचं. तेव्हापासून रोज सकाळी आई पलंगाच्या कडेला येऊन बसू लागली.

बरेच दिवस सांगण्यासारखं काहीच नव्हतं. मग एका सकाळी लेक डोळे मिटूनच म्हणाली, "जिना."

"कसला?"

"ओला."

त्या दिवशी आईने मावशीला फोन करून कळवलं, की आज आमच्याकडे जिना आला होता.

जिन्यामागून हिरवं दार आलं. दारामागची खोली आली, खोलीत लटकणारे ओले टॉवेल आले. वडील नाहीत. एका सकाळी ती वैतागून उठून बसली आणि पुरे झालं म्हणाली. आई जागची हलली नाही.

"जिना आला, दार आलं. आता माणूस यायच्या वेळी सोडतेस?"

तिने सोडलं नाही. पुस्तकात एक खूण दिली होती. दिवसभरात अधूनमधून नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि श्वास घेऊन बघायचा. जागेपणी तो कोंडतो, स्वप्नात चालू राहतो. सवय जडली की स्वप्नातही हात आपोआप नाकाशी जातो. ग्रंथालयाच्या टेबलाशी बसून ती हे मन लावून करी. पुस्तक परत करायला आलेल्या एका आजोबांनी आधी पुस्तकाचा, मग स्वतःच्या बाहीचा वास घेतला. तिने त्यांची माफी मागितली आणि ते वळताच पुन्हा नाक धरलं.

पहिल्यांदा जमलं तेव्हा तलावाच्या टोकाला त्यांची पाठ होती. निळा टी-शर्ट, मानेवरची शिट्टीची दोरी. तिने नाक धरलं, श्वास सुरूच राहिला. हे स्वप्न आहे, तिला कळलं, आणि तिला इतका आनंद झाला की त्या धक्क्याने जागच आली. सकाळी ती हमसून हमसून रडली. आईने सगळं ऐकलं, पदराने तिचं तोंड पुसलं.

"आनंद नंतर कर," ती म्हणाली. "आधी हाक मार."

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती आडवी झाली. आई शेजारी खुर्चीत बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

तलाव काठोकाठ भरलेला होता. मुलं रांगेत उभी होती. ती उडी मारायच्या सगळ्यांत वरच्या फळीवर होती, पायांखाली खरखरीत, गार लाकूड. खाली, उथळ टोकाला, ती पाठ. तिचा हात नाकाशी गेला. श्वास आत आला, जेवढा हवा तेवढा.

"कोण नाक धरतंय वर?" मागे न वळता सरांनी विचारलं.

आनंद उसळून आला. तिने तो छातीतच दाबून धरला. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तळहात एकमेकांवर घासले, तशी डळमळू लागलेली फळी पुन्हा स्थिर झाली. पाणी जागेवर राहिलं. मुलं जागेवर राहिली. ते जागेवर राहिले. रांगेतल्या सगळ्या माना वर वळल्या. फळीच्या टोकाशी जाऊन ती उभी राहिली.

खोलीत आईच्या हातातली घडी अर्ध्यावर थांबली. झोपलेल्या लेकीचा आवाज खणखणीत होता, अख्ख्या तलावाला ऐकू जाईल असा.

"बाबा, आता फक्त माझ्याकडे बघा."