वारसाचं शिक्षण

कोर्टकचेऱ्या इंग्रजीत चालू झाल्या, तेव्हा वेल्समधल्या मेरियोनिथच्या आमच्या हुवेल मालकांनी एकुलत्या एक एडवर्डला लहानपणीच इंग्लंडच्या शाळेत धाडलं. "घरची वेल्श विसरला तरी चालेल, पण उद्या कुणी त्याला फसवून जमीन लाटता कामा नये," असं म्हणायचे.

पोरगा परतला तो थेट बापाच्या मरणशय्येशी. अगदी साहेब होऊन आला होता, पण वेल्शचा एक शब्द येत नव्हता. घरात इंग्रजी जाणणारा एकटा धाकटा काका, मोरिस.

तो उशाशीच उभा होता, पण तो बाहेर जाईपर्यंत थांबायला मालकांकडे आता वेळ नव्हता. मुलाचा हात घट्ट धरून ते वेल्शमध्ये म्हणाले, "लेकरा, मोरिसवर विश्वास ठेवू नकोस. तो म्हणेल तिथे सही करू नकोस रे बाबा!"

म्हातारी दाई मार्गेड रडत ओरडली, "ऐक रे माझ्या राजा, ऐक!"

देवाला सगळ्या भाषा कळतात. एडवर्डला एकच कळत होती. मालकांचे डोळे मिटले, तसं त्याने कासावीस होऊन विचारलं, "काका, काय म्हणाले हो बाबा?"


मोरिसने डोळे पुसले. "म्हणाले, काका सांगेल तिथे सही कर, बाळा."